बिनपायाचा प्रत्येक प्राणी साप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐन पावसाळ्यात आपल्या तालुक्याच्या पानावर एक बातमी आली होती. बांधावरची माती उपसताना 'दोन तोंडांचा विषारी साप' निघाला आणि गावकऱ्यांनी तो वेळीच मारल्याने अनर्थ टळला, असा तिचा आशय. सोबत मारलेल्या प्राण्याचा रंगीत फोटो होता. मी तो मोबाइलवर मोठा करून पाहिला. वीतभर लांबीचा, जांभळट करडा, ओलसर प्राणी. अंगभर आडव्या वळ्या, वर खवला एकही नाही. डोळ्याच्या जागी कातडीखाली दबलेला काळा ठिपका. शेपूट म्हणावी अशी नाहीच, म्हणून दोन्ही टोके सारखी दिसत होती. तो साप नव्हता. सरीसृपसुद्धा नव्हता. ते देवगांडूळ होते, म्हणजे बेडकाच्या गोतावळ्यातला उभयचर प्राणी. माणसाला त्याच्यापासून कसलाही धोका नाही, उलट बांधातली वाळवी आणि किडे खाऊन ते शेतकऱ्याचे काम करते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि आता पाटण तालुक्यात गावीच राहते. म्हणून ती बातमी जास्त लागली. आमच्याच कोयना भागातल्या हुंबर्लीहून २००४ मध्ये देवगांडुळाची एक जात शास्त्राला नव्याने कळली. 'इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस' हे तिचे नाव. त्याच्या आदल्या वर्षी आंबोलीहून आणखी एक जात वर्णन झाली होती. बांधावर मारलेला प्राणी यांपैकीच होता असे मी फोटोवरून म्हणणार नाही, ते ठरवायला नमुना हातात हवा. पण तो साप नाही एवढे त्या फोटोवरून नक्की सांगता येते, आणि छापण्यापूर्वी जवळच्या कॉलेजातल्या कुणालाही तो दाखवला असता तर अर्ध्या मिनिटात कळले असते.

बातमीदाराला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. पाय नाहीत म्हणजे साप, ही समजूत फार जुनी आणि फार मोठ्या माणसांची आहे. कार्ल लिनियसने १७५८ साली प्राणिसृष्टीची जी मांडणी छापली, तीत सरीसृपांना स्वतंत्र वर्गच नव्हता. 'अँफिबिया' नावाच्या एकाच वर्गात त्याने पायवाल्यांचा एक गण केला आणि त्यात कासव, सरडा, मगर यांच्या पंक्तीला बेडूक बसवला. बिनपायांचा दुसरा गण केला आणि त्यात सापांबरोबर देवगांडूळ घातले. तिसऱ्या गणात तर मुशी आणि पाकट होते. थंड अंगाचे, ओंगळ प्राणी म्हणून त्याला या सगळ्यांची किळस होती, आणि किळस आली की माणूस नीट निरखून बघत नाही. १७६८ मध्ये व्हिएन्नाच्या लॉरेंटीने 'रेप्टिलिया' हे नाव पुढे आणले, पण बेडूक तेव्हाही आतच राहिले. फ्रान्सच्या ब्रोंन्यारने १८०० मध्ये बेडकांचा गण बाकीच्यांपासून निराळा काढला, आणि १८२५ मध्ये लात्रेयने उभयचर हा वेगळा वर्ग मानला. पुढे योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने देवगांडुळाच्या पिलांना कल्ल्यांच्या फटी असल्याचे दाखवले. कल्ले सापाच्या कुठल्याच पिलाला कधीच नसतात. तेव्हा कुठे देवगांडुळाची सापांतून सुटका झाली. म्हणजे शास्त्राने जी चूक जवळपास २०० वर्षांपूर्वी दुरुस्त केली, ती आपण अजून छापतो आहोत.

सरीसृप कोण, याची खरी खूण पायात नाही आणि सरपटण्यातही नाही. ती अंड्यात आहे. सरीसृपाच्या अंड्यात गर्भाभोवती स्वतःचे पाणी धरून ठेवणारी पिशवी असते. त्यामुळे अंडे कोरड्या जमिनीवर, वाळूत, दगडाच्या फटीत टिकते. बेडकाला ती सोय नाही, त्याला ओल किंवा पाणी लागतेच. घोणस, फुरसे, हरणटोळ हे साप पिल्ले घालतात हे खरे, पण ती पिशवी त्यांच्यातही असते, फक्त आईच्या पोटात राहते. वर्गात हा मुद्दा आला की मुले हमखास विचारायची, 'मग ही पिशवी तर कोंबडीच्या अंड्यातही असते ना?' प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचे उत्तर सोपे नाही. त्याकडे मी येतेच.

आज हयात असलेल्या सरीसृपांच्या १२,००० हून अधिक जाती माहीत आहेत आणि त्या चार गणांत मोडतात. कासवे साधारण ३५०, मगरी-सुसरी २५ च्या आसपास, न्यूझीलंडचा तुआतारा एकटा, आणि उरलेले सगळे, म्हणजे पाली, सरडे, सापसुरळ्या, घोरपडी आणि साप, एकाच गणात. तुआतारा दिसायला अगदी सरड्यासारखा आहे आणि बरीच वर्षे त्याला सरडाच समजत. १८६७ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या आल्बर्ट ग्युंथरने त्याची कवटी आणि सांगाडा तपासला आणि हा सरडा नसून एका लोप पावलेल्या घराण्याचा शेवटचा वारस आहे हे दाखवून दिले. हाच ग्युंथर त्याच्या तीन वर्षे आधी हिंदुस्थानातल्या सरीसृपांवर मोठा ग्रंथ लिहून मोकळा झाला होता. आपल्याकडच्या सापांचे खवले मोजून मोजून तयार झालेली नजर त्याने न्यूझीलंडच्या प्राण्यावर लावली, असे मला नेहमी वाटते.

चौथ्या गणाबद्दल मात्र जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण आपल्या घरात, परसात, शेतात दिसणारे बहुतेक सरीसृप त्यातले आहेत. साप आणि सरडे असे दोन वेगळे गट आपण शाळेत पाठ केले. सत्य असे आहे की साप हे सरड्यांच्या आतूनच निघालेले आहेत. दोघेही कात टाकतात, दोघांच्या शेपटीच्या मुळाशी असलेली फट आडवी असते (मगर आणि कासवाची उभी असते), आणि दोघांच्याही नरांना जोड जननेंद्रिये असतात. अजगराच्या त्याच फटीच्या दोन्ही अंगांना नखासारखे दोन काटे दिसतात, ते त्याच्या मागच्या पायांचे अवशेष आहेत. ज्याने एकदा ते पाहिले त्याला बाकीचे पटवून द्यावे लागत नाही.

पण सरड्यांतला सापाच्या जवळचा कोण? भिंतीवरची पाल बघा. तिला पापणी नाही, बुबुळावर पारदर्शक चकती आहे, ती धुळीने मळली की पाल रुंद गुलाबी जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा चाटते. सापालाही पापणी नाही, त्याच्याही डोळ्यावर तशीच चकती. उलट बागेतल्या सरड्याला चांगल्या जाड, हलणाऱ्या पापण्या आहेत आणि त्याची जीभ मांसल, दुभंगलेली नाही. कुणीही म्हणेल की पाल सापाची जवळची. २००५ च्या सुमारास निरनिराळ्या जातींच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा उत्तर उलटे आले. पालींची शाखा फार लवकर फुटून वेगळी झाली आहे. घोरपडीचे कुळ, सरड्यांची कुळे आणि साप ही तीन मात्र एकमेकांच्या जवळची निघाली. घोरपडीची दुभंगलेली लांब जीभ ज्याने आत-बाहेर होताना पाहिली आहे त्याला तिचे नाते पटेल, सरड्याचे पटायला जड जाते. हाडांवरून वर्गीकरण करणाऱ्या काही अभ्यासकांनी या निष्कर्षाला हरकत घेतली, वाद चालला. मला यात शास्त्राचा कमीपणा दिसत नाही. डोळ्यांवर इतका भक्कम वाटणारा पुरावा असताना तो बाजूला ठेवून दुसरा तपासायचा, हे धैर्याचे काम आहे आणि ते मुलांपर्यंत पोहोचायला हवे.

आता कोंबडीच्या अंड्याचा प्रश्न. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० मध्ये वर्गीकरणाचा एक कडक नियम मांडला. एका गटात एका पूर्वजाची सगळी संतती आली पाहिजे, त्यातून कुणालाही वगळता येणार नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना एक भाऊ मुंबईला गेला, त्याची भाषा-पेहराव बदलला, म्हणून तलाठी त्याचे नाव गाळत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत आपण नेमके तेच केले होते. पिसे आली, उडायला लागले, रक्त गरम झाले, म्हणून त्यांना वारसातून काढून वेगळा वर्ग दिला. पण मगरीचे हृदय चार कप्प्यांचे आहे, पाल-सापाचे तसे नाही. मगरीची मादी घरटे करते, अंड्यांतून पिलांचा आवाज आला की माती उकरते आणि पिलांना तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. मगर आणि पक्षी यांचा समान पूर्वज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. मगर आणि घोरपड यांचा समान पूर्वज त्याहूनही मागे आहे. म्हणजे सांगलीला कृष्णेच्या काठावर उन्हात पहुडलेली मगर ही शेजारच्या बाभळीवरच्या बगळ्याची जवळची नातलग आहे आणि त्याच काठावरून जाणाऱ्या घोरपडीची दूरची. टी. एच. हक्सलीने १८६० च्या दशकातच पक्षी आणि सरीसृप यांना एका नावाखाली आणले होते, पण पाठ्यपुस्तकी तक्त्यात अजून पक्षी एका रकान्यात आणि मगर सापांच्या रकान्यात. कासवाचेही तसेच. कवटीला कानशिलाजवळ भोके नाहीत म्हणून त्याला सगळ्या सरीसृपांच्या मुळाशी बसवले होते. २०१२ मधल्या जनुकीय अभ्यासांनी त्याला उचलून मगर आणि पक्ष्यांच्या शेजारी आणले.

हे सगळे पुस्तकी आहे, बातमीशी याचा काय संबंध, असे आपल्या कचेरीत कुणी म्हणेल म्हणून चाळकेवाडीचे उदाहरण देते. साताऱ्याहून ठोसेघरमार्गे वर गेले की पवनचक्क्यांचे ते पठार लागते. उन्हाळ्यात तिथे एखाद्या दगडावर चढून गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी झालर उघडमीट करणारा छोटा सरडा दिसतो. २०१६ पर्यंत त्याला 'सिटाना' या जुन्या प्रजातीत धरत. त्या वर्षी भारतातल्या अशा सरड्यांची नव्याने छाननी झाली, महाराष्ट्रातल्या या झगमगत्या झालरवाल्यांची 'सारडा' ही वेगळी प्रजाती झाली, आणि चाळकेवाडीच्या पठारावरचा सरडा 'सारडा सुपर्बा' या नव्या जातीचा ठरला. देशभर पसरलेल्या एका सामान्य सरड्यातला एक, ही त्याची ओळख संपली आणि सह्याद्रीच्या थोड्याशा पठारांपुरता असलेला प्राणी अशी झाली. नंतर २०१८ मध्ये याच पठारावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी फार कमी झालेले आढळले, त्यामुळे सरड्यांची संख्या वाढलेली, पण ते सरडे बारीक आणि नरांच्या झालरीचा रंग फिका. पठाराचे काय होते आहे हे त्या सरड्यावरून कळले. सरड्याची नीट ओळखच झाली नसती तर कुणी त्याच्याकडे वळून पाहिले असते, असे मला वाटत नाही. 'पठारावर सरडे वाढले' एवढीच बातमी झाली असती, आणि ती ऐकून आपल्याला बरे वाटले असते.

आणि आता ज्यासाठी खरे तर मी लेखणी उचलली ते. एका स्थानिक अंकात काही काळापूर्वी मण्यारीचा फोटो 'बिनविषारी कवड्या' अशा ओळीखाली छापून आला होता. ते कात्रण मी अजून ठेवले आहे. कवड्या आणि मण्यार दोन्ही गडद अंगाचे, दोन्हींवर पांढरे पट्टे, दोन्ही रात्री फिरतात, दोन्ही घरात शिरतात. पण कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीने, ते मानेच्या बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध खवल्यांची एक रांग बाकीच्यांपेक्षा मोठी आणि षट्कोनी असते, कवड्याला अशी रांग नाही. ही षट्कोनी रांग चांगल्या फोटोत स्वच्छ दिसते. त्या कात्रणातही दिसते. मण्यारीच्या दंशाला सूज नाही, फारशी वेदना नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला काही चावले एवढेही कधी कळत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, मग श्वास. ज्या घरात ते वर्तमानपत्र वाचले गेले, तिथल्या कुणी पट्टेरी साप बघून 'हा तर पेपरातला बिनविषारी' म्हणून त्याला काठीने उचलले असते तर?

इथे कुळ माहीत असणे म्हणजे कोरडी पंडिती नव्हे. नाग आणि मण्यार एका कुळातले. त्यांचे पुढचे विषदंत आखूड आणि न दुमडणारे, विष मुख्यतः मज्जासंस्थेवर घाव घालणारे. घोणस आणि फुरसे दुसऱ्या कुळातले, त्यांचे दात लांब, तोंड मिटले की आत घडी होणारे, विष रक्त आणि ऊतींवर हल्ला करणारे. सरकारी दवाखान्यात मिळणारी प्रतिसर्पविषाची लस या चार सापांच्या विषांवर बनवलेली असते. आपल्या घाटातला चापडा घोणशीच्याच कुळातला असला तरी त्या चारांत नाही. नातेवाइकांनी दवाखान्यात सांगितलेले सापाचे नाव अनेकदा चुकीचे असते हे डॉक्टर जाणतात, म्हणून ते रुग्णाच्या लक्षणांवरून उपचार करतात आणि तेच योग्य आहे. साप पकडून किंवा मारून सोबत नेऊ नये, त्यात दुसऱ्याला दंश होतो. पण लोकांच्या डोक्यात ही ओळख मुळात वर्तमानपत्रातून जाते, म्हणून तिथली जबाबदारी वेगळी आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. देवगांडुळाच्या त्या बातमीची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी. यापुढे साप, सरडा, पाल, कासव यांचा फोटो छापताना खाली मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव आणि कुळ देवनागरीत द्यावे. मराठी नावे गावोगावी बदलतात, शास्त्रीय नाव सगळीकडे एकच लागते. तेही अधूनमधून बदलते, पाणदिवड माझ्या शिकवण्याच्या काळात 'झेनोक्रोफिस' होती, आता ती 'फाउलिया' आहे, पण बदल झाला तर त्याचे कारण कुठेतरी लिहिलेले असते आणि ते शोधता येते. 'दुतोंडी साप' हा शब्द कृपया वापरू नये. मांडुळाला दोन तोंडे आहेत या एका समजुतीवर त्याची तस्करी चालते, आणि आपल्या पानावर तो शब्द आला की त्या धंद्याला बळ मिळते. दुर्मीळ सरीसृप सापडल्याची बातमी असेल तर गाव आणि शिवाराचे नाव देऊ नये, तालुका पुरे. बालपुरवणीत सरीसृपांचा तक्ता द्याल तेव्हा रकान्यांऐवजी वंशवृक्ष द्या आणि मगरीच्या शेजारची फांदी पक्ष्यांसाठी राखा. वृक्ष काढून हवा असेल तर मी विनामूल्य काढून देईन, तपासून घ्यायला विद्यापीठातले प्राध्यापक आहेतच.

आणि सापाच्या बातमीसोबत नाग गळ्यात घालून उभ्या असलेल्या तरुणाचा जो फोटो हटकून येतो, तो पूर्ण बंद करावा. वन्यजीव कायद्याने तसे करणे गुन्हा आहे, त्या पोरांच्या जिवालाही धोका आहे, आणि त्या फोटोने अडवलेल्या जागेत मण्यार आणि कवड्या यांच्यातला फरक सांगणारी दोन चित्रे खुशाल बसतात.

आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका
ता. पाटण, जि. सातारा